सेकंदाला बारा

कोपलीच्या ट्रामचं वेळापत्रक आम्हाला पाठ झालं होतं.
शाळेखालून ती गेली
की टेबलावरचा आमचा म्हातारा
केसभर हलायचा.
वील्वे खिडकीशी कान लावून बसायची. म्हणायची, "आली."
मग आम्ही तिघं हात वर करून उभे,
कुणी बंदूक रोखल्यासारखे.
ट्राम गेली की श्वास.
श्वासानंतर चित्र.

म्हातारा एक वीत उंच.
आत तारेचा सांगाडा, वर प्लॅस्टिसीन,
कोट मी शिवलेला, मामाच्या फाटक्या हातमोज्यातून.
गोष्टही वीतभरच:
तो बंदरावर कुणाला तरी आणायला जातो,
बोट येत नाही,
तो घरी येऊन बूट काढतो.

बूट काढायला चार सेकंद.
सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे अठ्ठेचाळीस.
म्हणजे मंगळवार, बुधवार
आणि गुरुवारची अर्धी दुपार.
खिडक्यांना काळा कागद होता,
बाहेर टाल्लिनचा डिसेंबर, साडेतीनलाच मिटलेला.
आत एका दिव्याखाली आमचा सूर्य
आम्हीच हलवायचो, बोटभर.

वही माझ्याकडे होती.
*एकशे सात: डावा गुडघा, दोन मिलिमीटर.*
*एकशे आठ: डावा गुडघा, दोन. मान, किंचित.*
'किंचित' म्हणजे किती, यावरून
राइगो आणि माझं एकदा वाजलं.
तो म्हणाला, किंचित म्हणजे
हललं की नाही अशी शंका येईल इतकं.

मग लेमेतने दिवा सरकवला.
सुई पडली होती, ती शोधायला; परत जागेवर ठेवलाही,
म्हणजे त्याला तसं वाटलं.
दुसऱ्या दिवशी पडद्यावर पाहिलं तर
म्हाताऱ्याच्या घरात वीज चमकत होती.
एक्याऐंशी चित्रं वाया.
आमच्याकडे रागावलेला माणूस दार आपटत नाही,
फार हळू लावतो.
राइगोने दार इतकं हळू लावलं
की लेमेत नऊ दिवस बोलला नाही.
काम मात्र करत होता. पुठ्ठ्याच्या लाटा कापत होता,
लागतील त्याहून कितीतरी जास्त.

त्यानंतर राइगो तापाने पडला
आणि म्हातारा वील्वेच्या हातात आला.

सगळं जोडून पाहिलं तेव्हा कळलं.
तीनशे सहापर्यंत तो राइगोसारखा चालतो,
खांदा पुढे, टाच आधी, उशीर झाल्यासारखा.
तीनशे सातपासून वील्वेसारखा.
प्रत्येक पावलाआधी जरासा अडतो,
मागून कुणी हाक मारेल म्हणून.
आम्ही खाली बघत राहिलो.
हेल्ये बाईंनी चष्मा काढला, पुसला.
"मध्येच याला काय झालं?"

कुणीच बोलेना.
आणि मग लेमेत, नऊ दिवसांनी, घसा खाकरून:
"बोट येणार नाही,
हे त्याला तिथे कळतं."

बाई म्हणाल्या, "हं."
राइगोने लेमेतकडे पाहिलं.
तीनशे सहा आणि तीनशे सात यांच्या मध्ये
आम्ही काहीच ठेवलेलं नव्हतं,
फक्त एक ताप.
तरी त्या दिवसापासून तीच आमची गोष्ट झाली;
मीही लोकांना तशीच सांगते.

एक मिनिट बावन्न सेकंद. त्यात आम्ही कुठेच नाही.
प्रत्येक चित्राआधी हात काढून घेणं
हेच तर शिकत होतो.
पण म्हाताऱ्याचा गाल जवळून दिसतो तेव्हा
लोकांना ज्या सुरकुत्या वाटतात
त्या अंगठ्याच्या रेषा आहेत.
कुणाच्या, ते सांगता येत नाही.
एकावर एक गेल्यात.

काल रात्री स्वयंपाकघरात एकटीच बसले होते.
खालून ट्राम गेली.
कपातला चहा थरथरला,
आणि मी टेबलावरून दोन्ही हात उचलले,
श्वास धरला,
ती जाईपर्यंत तशीच थांबले.