मेंढी बसल्यापासून

असानकुल म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा तेच सांगितलं:
"मेंढी मागच्या सीटवर बसली ना, त्या रविवारपासून."
आत-बाशीच्या बाजारातून आणलेली मेंढी,
डिकीत पेंढा कोंबलेला, म्हणून ती सीटवर.
सोमवारी सकाळी गाडी मुकी. मंगळवारी मुकी.
मी हं हं केलं. गिऱ्हाईक काय वाटेल ते सांगतं.
गेल्या साली एक जण शपथेवर सांगत होता,
सासू गाडीत बसली की हेडलाइट मंद होतात.

नारिनमधला डिसेंबर. उणे सव्वीस.
उघड्या हाताने पाना धरलात
तर थोडी कातडी त्याला देऊन यावी लागते.
गाडी मर्सिडीज, नव्वद सालची,
जर्मनीत उमेद घालवून म्हातारपणी इथे नांदायला आलेली.
बॅटरी नवी. चार्जिंग चौदा व्होल्ट.
म्हणजे कमाईत खोट नाही,
रात्री उठून घरातलंच कुणीतरी खातंय.

निगेटिव्हची वायर सोडवली, मधे मीटर लावला.
दारं लावली. आणि थांबले.
हे थांबणंच पोरांना शिकवता येत नाही.
आतला दिवा विझू द्यायचा,
लॉकचा पंप घुरघुरून गप्प होऊ द्यायचा,
मग आकड्याकडे बघायचं.
एक पॉइंट नऊ.
बंद गाडी, किल्ली म्हाताऱ्याच्या खिशात,
आणि एक पॉइंट नऊ अ‍ॅम्पियर कुठेतरी चाललेत.

एकेक फ्यूज काढत गेले.
रेडिओ. आकडा ढिम्म.
लायटर, काचा, डिकीचा दिवा. ढिम्म.
शेवटी सगळे माझ्या तळहातावर,
पांढरे, लाल, निळे, काडतुसांसारखे,
आणि आकडा जागच्या जागी, कोडगा.
तेव्हा कळलं, चोर दारातून आलेलाच नाही.

बॅटरीच्या पायाशी चिकटपट्टीखाली एक लाल वायर होती,
फ्यूजच्या डब्याला न विचारता परस्पर आत शिरलेली.
तिच्या मागे मागे गेले,
पत्र्याच्या भोकातून, गालिच्याखालून,
दोन्ही गुडघे बधिर, बॅटरी दातांत,
मागच्या सीटपर्यंत.

सीट उचलली.
लोकर. तीन लेंड्या. एक जर्मन नाणं.
आणि एक धातूची पेटी, कोपऱ्यात हिरवा दिवा,
हात लावला तर चक्क कोमट.

गाडीतला फोन. त्याचं पोट.
रिसीव्हर कधीच कुणी काढून नेलेला,
पुढे त्याच्या स्क्रूंची चार भोकं उरलीत.
प्लग वर्षानुवर्षं अर्धवट निघालेला, म्हणून झोपलेली ही,
मग वरून खूर पडला
आणि प्लग बसला नीट जागेवर.
जागी होऊन ती आपल्या कामाला लागली:
हाका मारू लागली, रात्रभर,
पाच हजार किलोमीटरवरच्या, कधीच पाडलेल्या मनोऱ्याला,
कुणातरी साहेबासाठी,
जो आता असेल किंवा नसेल.

मी वर पाहिलं. असानकुल वाकून बघत होता.
बोलला काहीच नाही.
फक्त हळूच, दाढीतल्या दाढीत,
मेंढीसारखा आवाज काढला.

प्लग ओढला. हिरवा दिवा गेला.
मीटर घसरला, शून्य पॉइंट शून्य तीनवर थांबला.
"हे कोण खातंय अजून?"
"घड्याळ."
"खाऊ दे. त्याला दुसरं कोण देणार?"

पैसे देताना त्याने घासाघीस केली,
निदान पहिल्या दिवशी त्यानेच केलं होतं म्हणून.
मी दोनशे सोम सोडले.
मेंढीचा वाटा, म्हटलं.
मेंढी तर नातवाच्या पाळण्याच्या जेवणात केव्हाच संपली होती.

पेटी माझ्या फळीवर आहे, रिलेंच्या डब्याशेजारी.
टाकवत नाही, लावतही नाही.

आणि काल संध्याकाळी त्या हेडलाइटवाल्याचा नंबर शोधला.
ये म्हटलं, पुन्हा एकदा बघते.
आणि येताना सासूबाईंना घेऊन ये.