सात मिलिमीटर

ब्लाझेना मावशीने वर्तमानपत्रातून ठोकळा काढला
तेव्हा तांबं ओळखू येत नव्हतं,
जळक्या किटलीचं बूड जणू.
“वीस वर्षं झाली. रात्रपाळीत कोरलेला,
मुकादमाला डुलकी लागली तेव्हा.”
ओस्ट्रावाच्या ढगांना त्या काळी भट्ट्यांचा उजेड लागायचा.
आता ढग नुसते ढग.

माझ्या पिशवीत नवा प्रोसेसर.
त्यात सगळे पैसे गेले,
पाणी फिरवायच्या नव्या ठोकळ्यापुरतेही उरले नाहीत,
हे मी बोललो नाही.
तिने भोकं मोजायला घेतली.

ठोकळ्याची भोकं चौरसात, बहात्तरवर बहात्तर.
बोर्डाला हवेत नव्वद आणि चोपन्न.
कडेला आणखी चार,
त्याहूनही जुन्या कुठल्या तरी सॉकेटची,
कान टोचून डूल घातले नाहीत की
बुजत येतात, पण बुजत नाहीत, तशी.
“जुनं ते सोनं,” मी म्हणालो, काहीतरी बोलायचं म्हणून.
“तांबं आहे ते,” ती म्हणाली. “सोनं असतं तर विकलं नसतं?”

झाकण उघडलं. आत बारीक पात्यांची रांग,
तिच्यात हिरवा कळंक,
कधीतरी आटलेल्या पाण्याची शेवटची खूण.
मीठ, व्हिनेगर, दात घासायचा ब्रश.
मग काचेवर पॉलिश पेपर, त्यावर ठोकळा,
आणि तिचा हात इंग्रजी आठच्या आकड्यात फिरत राहिला
रेडिओवरच्या हॉकीचा तिसरा डाव संपेपर्यंत.
तळात तिला स्वतःची हनुवटी दिसली.
“म्हातारी झालेय,” म्हणाली, आणि बारीक पेपर घेतला.

लिफ्टच्या दुरुस्तीतून उरलेली पोलादी पट्टी,
तिच्यावर सुईने रेघा, रेघांच्या फुलीवर पंच,
चार भोकं. अशी नेमकी
की स्क्रू आपल्याच वजनाने आत उतरले.
ती पट्टी तिने दिव्यापाशी धरून दोनदा पाहिली.

रात्रभर नळीच्या सांध्यांखाली टिश्यू पेपर.
सकाळी कोरडा. त्यानेच तिने चष्मा पुसला.

चालू केलं.
एक्काहत्तर. त्र्याऐंशी. नव्वद.
पंप कुरकुरत होता, पाणी फिरत होतं,
कुठेही काही चुकलं नव्हतं आणि
एक्क्याण्णव.

बंद केलं. उचकटलं.
तिने ठोकळा उलटा करून पेस्टचा ठसा पाहिला,
बराच वेळ,
डॉक्टर एक्स-रे पाहतो तसा. सगळीकडे सारखा पातळ.
“दाब बरोबर आहे. ओंद्रा, हा जळतो कुठे?”
मी फोनवर नव्या चिपचं पोट दाखवलं:
आतले दोन तुकडे खालच्या काठाशी,
मधोमध जवळजवळ काही नाही.
“म्हणजे तुमचा मध्य नुसता दिसायला.”
तिचा ठोकळा ज्या काळचा
त्या काळी आग झाकणाच्या मधोमध असायची,
पाण्याची धारही तिथेच पडायची, नेम धरून.

ती उठली. कानस आणली.
आणि त्या सुंदर, नेमक्या, गोल भोकांना
एका अंगाने खायला लागली.
मला बघवेना.
“नवी पट्टी करू ना,” मी म्हणालो.
“पट्टी हीच. सरकायचं आहे ते आपल्याला.”

सात मिलिमीटर खाली.
बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं,
कुणी घाईत, वाकडं बसवलंय.

मी पडद्यावर आकडे मोजत होतो,
अडुसष्ट, बहात्तर, चौऱ्याहत्तर,
चौऱ्याहत्तर,
चौऱ्याहत्तर.
ती पडद्याकडे पाहतच नव्हती.
परतीची नळी मुठीत धरून बसली होती,
जराशी कोमट,
आणि दुसऱ्या हाताने
टेबलावरचा कानशीचा चुरा
बोटाने एका बाजूला लोटत होती,
मध्यापासून दूर.