शिशाचे मणी

दोनचा गजर मी अजून काढलेला नाही.
सात वर्षं तो वाजला,
रात्री दहाला, दोनला, पहाटे सहाला,
दर चार तासांनी कॅप्सूल, तीन दिवस, तीन रात्री,
मग अकरा दिवस सुट्टी.
सुट्टी म्हणजे जस्त, मॅग्नेशियम, आणि वही लिहिणं.

वहीचं पहिलं पान: हेरंब, वय अकरा, एकतीस किलो.
शेवटच्या पानावर त्याला मिशी आहे.

पुण्याच्या दवाखान्यातून रिपोर्ट आला,
शिशाची लाल रेघ कागदाच्या कडेपर्यंत,
त्या रात्री ह्यांनी दारातला पाग खाली घेतला
आणि कात्रीने त्याचा एकेक मणी सोडवला.
दोनशे की सव्वादोनशे. डालड्याच्या डब्यात भरून
डबा माडाखाली पुरला.
कोणी काही बोललं नव्हतं त्यांना.
रिपोर्टात पागाचं नावही नव्हतं.
तरी पुढे कित्येक महिने पोराला हात लावायच्या आधी
कोपरापर्यंत साबण लावायचे.

मग पारा निघाला. मासे बंद.
देवगडात, गाबताच्या घरात,
जिथे पोरगं बोलायच्या आधी पेडव्याचा काटा काढायला शिकतं.
आमचा बोलला नाही. काटा मात्र काढायचा.
शेजारी रेवतीवहिनीच्या तव्यावर बांगडा पडला
की गडगा ओलांडून तिच्या खिडकीशी उभा.
माझ्याहून उंच झालेला, तरी मी दंडाला धरून ओढून आणायची.
एकदा चावला. वण आहे.
वहीत मी लिहिलं: विष बाहेर पडतंय.

झोपला नाही: विष बाहेर पडतंय.
भिंतीवर डोकं आपटलं: विष.
फेरी त्रेचाळीस. 'आये' म्हणाला. दोनदा.
खाली दोन रेघा मारल्यात मी, पेन कागदातून आरपार गेलंय.
तेव्हापासून फेरी एकशे सत्तरपर्यंत
मी त्या एका शब्दासाठी उठत राहिले.
वय वाढलं म्हणून बोलला असेल,
असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर
मी त्याला उंबऱ्याआत घेतलं नसतं.

ट्रॉलरमधला वाटा विकला. त्याचं काही नाही.

कोल्हापूरच्या किडनीच्या डॉक्टरीण तरुण होत्या.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
हळूच म्हणाल्या, हे औषध देऊन लघवी तपासली
तर शिसं कुणाचंही दिसेल. तुमचंही.
आणि अंगाला हवं असलेलं, तेही त्याबरोबर जातं.
हे दाराकडे बघत होते.
"माझ्या पण?" एवढंच विचारलं.
येताना गगनबावड्याला गाडी थांबवून
कठड्याला धरून उभे राहिले, चहा निवेपर्यंत.

औषध बंद झालं. हेरंब दोनला उठतोच,
गजराच्या आधी. गादीवर बसतो, तळवा पुढे करतो.
पहिले काही दिवस मी काही ठेवलं नाही.
तळवा तसाच राहिला, उजाडेपर्यंत.
आता चुरमुरा ठेवते एक.
तो गिळतो, पाणी पितो, ग्लास उपडा घालतो.

परवा ह्यांनी माडाखाली उकरलं.
डबा गंजून फाटलेला, मणी जसेच्या तसे.
शिशाशिवाय पाग तरंगतो, म्हणाले, कसलो पाग तो.
आठ दिवस ओवत बसले.
पुरा झाल्यावर हेरंब आला,
ओढून घेतला, पसरला मांडीवर सगळा,
आणि त्या ओझ्याखाली बसला.
जो जेवायलाही धड बसत नाही, तो बसला.
खांदे खाली आले त्याचे.
मणी एकेक करून बोटांखालून जात होते.

मी साबण आणायला उठले.
ह्यांनी हाताने खूण केली, ऱ्हव.
बसले.
मग थोड्या वेळाने उठले, साबण आणला,
आणि तिघांचे हात धुतले.