विहीण

अप्पर डेपोला बस शेवटची वळते
तेव्हा आत आम्ही दोघीच उरतो, मी आणि शाल्मली.
कंडक्टर विचारतो, "इकडे कोण तुमचं?"
सहा वर्षं झाली,
मला अजून एका दमात सांगता येत नाही.

मराठीत नात्यांना काही तोटा नाही.
नवऱ्याच्या भावाच्या बायकोला शब्द आहे,
बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यालासुद्धा.
पण जिने माझं मूल
स्वारगेटच्या गर्दीतून, चाळीच्या जिन्यावरून,
पोळीभाजी केंद्राच्या तव्यासमोरून सांभाळून आणलं
तिच्यासाठी कागदावर एक इंग्रजी शब्द होता
आणि त्याखाली सहीपुरती जागा.

करारात औषधं होती, प्रोटीन पावडर होती,
सातव्या महिन्यापासून घरी बसायचे पैसे होते.
बाराव्या दिवसानंतरचं काहीच नव्हतं.
वकीलबाई म्हणाल्या, संबंध ठेवू नका, गुंता होतो.
आम्ही ठेवला.
गुंता झाला.

पहिल्या भेटीला मी पैठणी नेली.
सुगंधाने ती उघडलीसुद्धा नाही.
चहा ठेवला, बाळाकडे पाहिलं,
हात पुढे केला नाही.
मीही "घे" म्हणाले नाही.
ते "घे" अजून माझ्या घशात आहे.

दुसऱ्या वर्षी तिच्या धाकट्याच्या डिप्लोमाची फी
मी न विचारता भरून टाकली.
तीन महिने तिने फोन उचलला नाही.
मग एका रविवारी दोन बस बदलून कोथरूडला आली,
पाचशेच्या चार नोटा टेबलावर ठेवल्या.
"दर महिन्याला देईन. नको म्हणालात तर पुन्हा पायरी चढणार नाही."
श्रीरंगने वही आणली, तिच्यासमोर तारीख घातली.
त्या वहीनंतर ती मला अगं-तुगं करू लागली.

एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली,
"आठ दिवस ब्लाउज भिजत होता गं.
पोरांना सांगितलं, नळाखाली वाकले होते."
मी म्हणाले, "त्याच आठ दिवसांत
मी रात्री दोनला डब्यातली दुधाची पावडर मोजायचे,
चमचा सपाट करून, रडत."
मग दोघी गप्प.
पानं एकीकडे, देठं एकीकडे.
"देठं टाकू नकोस," ती म्हणाली, "आमटीत घाल."

शाल्मली तिखट खाते. मी भाबडेपणाने म्हणाले,
"तुझ्यामुळेच. तेव्हा तू खर्डा खायचीस ना?"
"छट्! तेव्हा तर मला नुसतं गोड लागायचं.
लाडावलीये पोरगी, दुसरं काही नाही."

शब्द शेवटी तिनेच काढला, भांडताना.
पाचव्या वाढदिवसाला, फोटोच्या वेळी
मी तिला हाक मारायची विसरले.
विसरले म्हणजे, आई कानात म्हणाली होती,
पाहुण्यांना काय सांगणार,
आणि मी ऐकलं होतं.
"विहिणीचा तरी मान ठेवतात लोक!
पोर दिलीये मी तुमच्या घरात!"
जिन्यात आवाज घुमला.
मग स्वतःच फिसकन हसली.
माझ्या फोनमध्ये तेव्हापासून तिचं नाव तेच आहे.

आज निऱ्या खोचताना तिचा व्रण दिसला.
"हे काय गं, सुगंधामावशी?"
"इथून निघालीस तू.
आणि एवढी घाई, की वळून बघितलंसुद्धा नाहीस."
शाल्मलीला हे इतकं आवडलं
की चार वेळा सांगायला लावलं.
चौथ्यांदा सुगंधाचा आवाज जरा बसला,
मी भांड्यांकडे बघत राहिले.

थांब्यावर बस लागली.
शाल्मली खिडकी पकडायला पळाली.
वळून बघितलं नाही.
मी बघितलं.
सुगंधाच्या काखेत आमचा डबा होता,
जो ती कधीच रिकामा परत देत नाही,
आणि आमच्याकडे पाठ करून
ती गवारवाल्याशी भांडत होती,
पाव किलोला दोन रुपये जास्त लावले म्हणून.