कुसळ

बेल्त्झाच्या कानातून मी चिमट्यानं कुसळ काढते.
कुत्री कण्हते, चावत नाही.
जूनपासूनचं हे सातवं.
आधीची सहा बशीत आहेत,
सोनेरी, हलकी,
कुणाच्या अध्यात ना मध्यात असल्यासारखी.

चीटग्रास म्हणतात याला इथे, नेवाड्यात.
फसवं गवत.
गव्हाच्या पोत्यांत लपून आलं म्हणे,
आधी बोटीतून, मग रेल्वेतून.
पेरणाऱ्याला वाटलं, गहूच बिघडला.

रान झोपायला लागतं तेव्हा हे उगवतं.
बर्फाखाली मुळं सोडत राहतं, गुपचूप, पूर्ण हिवाळाभर.
मार्चमध्ये बाकीच्यांची मुळं पाणी शोधू लागतात
तर ओल कधीच पिऊन झालेली.
एप्रिलात मेंढ्या आवडीनं खातात. सहा आठवडे.
मेअखेर डोंगर जांभळा होतो,
पर्यटक गाडी थांबवून फोटो काढतात.
मी काय सांगू त्यांना?
सुंदर आहेच.
जूनमध्ये कागद.

गेल्या साली अठरा जुलैला
कुणाच्या तरी ट्रेलरची साखळी
हायवेवर घासत गेली.
तिसऱ्या पहाटेपर्यंत आमचं अख्खं खोरं.
माझ्या आईच्या वयाचे सेजब्रश,
काही तिच्याहून थोरले.
सेजब्रश जळाला की बुंध्यातून पुन्हा फुटत नाही.
गवताचं काय जळलं?
ते आधीच मेलेलं,
बी सांडून मोकळं झालेलं.

पलीकडच्या पायूट वस्तीतून लवीना आली.
राखेतून चालली, वाकली,
पहिले कोंभ बोटांनी चाचपले.
"माझ्या आजीकडे याला नाव नव्हतं."
मग माझ्याकडे न बघता,
"मेंढ्यांना होतं."

घरी, चुलीच्या वर, पेयो आजोबा.
बास्क टोपी, काठी, मागे तीन हजार मेंढ्या.
म्हणजे बारा हजार खुरं.
त्याआधी इथे झुबक्याझुबक्यानं गवत होतं
आणि झुबक्यांच्या मध्ये, उघड्या मातीवर,
शेवाळाची काळी साय.
खुरांखाली तिचा चुरा होताना
आवाज तरी झाला असेल का?
दार आम्ही उघडलं,
हे नुसतं आत आलं.
कुसळ चिमट्यात दिसतं.
मुसळ भिंतीवर आहे, चौकटीत,
दर रविवारी मी त्याची काच पुसते.

मार्चमध्ये सेजकोंबडे आले होते, नऊ.
पूर्वी साठ यायचे.
त्याच जागी, राखेवर,
छाती फुगवून नाचले.
आडोसा नाही, माद्या नाहीत.
मी जीपमध्ये दिवे न लावता बसून होते,
कॉफी गार झाली.

काल शाळेची मुलं आली,
सेजब्रशची रोपं लावली, चारशे.
एका मुलानं विचारलं, किती जगतील?
मी म्हटलं, पाणी घाल.

रात्री पायमोजा उलटा करून
अकरा कुसळं वेचली, चुलीत टाकली.
बारावं सापडत नाही.
चालताना टोचतं.