मानस

चोडणात मानस म्हणजे मन नव्हे.
खाजनाच्या बांधातली लाकडी झडप ती,
भरतीला मिटते, ओहोटीला उघडते.
इनास तिचा राखणदार, एकतीस वर्षं.
पाण्यात बोट बुडवतो, जिभेला लावतो, थुंकतो
आणि सांगतो: हे म्हापशाकडचं.
हे वरून आलंय, डिचोलीत काल कुणी माती हलवली.

मीही चाखते. रात्री.
खोडदच्या तबकड्या माझ्या वाट्याचे दोन तास
एकाच ठिपक्याकडे तोंड करून बसतात
आणि मी इथे, रायबंदरची शेवटची फेरीबोट गेल्यावर,
लॅपटॉपसमोर, डासांच्या अगरबत्तीत.

त्या ठिपक्यातून कधी एक स्फोट येतो.
दोन मिलिसेकंद.
पुन्हा येतो. कधी येणार, ते सांगून येत नाही.
एकोणीस रात्री मी वहीत 'नाही' लिहिलं,
तेही मोजमापच, असं स्वतःला बजावत.
काल वीज गेली, इन्व्हर्टर कण्हत होता,
आणि दोन सत्तेचाळीसला पडद्यावर
ती तिरकी रेघ:
वरचा सूर आधी, खर्ज मागाहून,
वाटेवरच्या प्रत्येक इलेक्ट्रॉननं
थोडं थोडं थांबवून घेतलेला.

तीनशे कोटी वर्षांची वाट वजा केली.
उरला तो पीळ.
मे महिन्यात लहर डावीकडे पिळलेली होती,
चवथीपर्यंत सैल पडली,
काल उजवीकडे.
म्हणजे उगमापाशीचं चुंबकत्व उलटलंय.
कुणी आडवं गेलं असेल, एखादा जोडीदार तारा,
त्याचा वारा,
किंवा जुन्या स्फोटाची राख अजून विरते आहे.

लोक विचारतात, पाठवतं कोण?
फेरीवरचा रुझार विचारतो, हिरवी माणसं काय गो?
मावशी विचारते, यात कायम कधी करणार तुला?

सकाळी बांधावर इनासला सांगितलं.
तो बराच वेळ झडपेच्या दोरीची गाठ सोडवत राहिला.
मग म्हणाला,
"आनी थंयचो चिखोल कसो आसा?"

हाच प्रश्न मांडायला मला
अर्जाची तीन पानं लागली होती
आणि तरी एका परीक्षकाला कळला नव्हता.

दाट, मी म्हटलं. दर महिन्याला बदलतो.
आतून कुणीतरी ढवळतंय.
इनासनं मान हलवली,
नवऱ्यामुलीच्या गावाची चौकशी करावी तशी.
पायाने बांधाची कड दाबून पाहिली,
तिथून बुडबुडे आले.
"कुर्ल्यो आसतल्यो. बांद पोखरतात."

वहीत 'शक्य कारणे' या शब्दांखाली
दोन ओळी शाईने लिहिलेल्या होत्या.
तिसरी मी पेन्सिलीने लिहिली
आणि अजून खोडलेली नाही.