उडी

रुवीत, धोब्याच्या दुकानावरच्या गच्चीवर
गुरुवारी रात्री आम्ही पाच जण जमतो.
गाणी इथे चालत नाहीत.
गाणी काय, टॅक्सीत लागतात, न्हाव्याकडे लागतात.
आम्हाला हवं असतं ते
कुणी गात नसताना वाजणारं:
दार उघडण्याआधीचा सेलो,
पत्र वाचून झाल्यावरही थांबून राहिलेली बासरी,
माणूस जिना उतरतो तेव्हा
पायऱ्यांपेक्षा एक सूर कमी वाजवणारा पियानो.

"या आठवड्यात काय?" एवढंच विचारायचं
आणि थर्मास पुढे सरकवायचा.

इलियास मुकादम, गाव बाणकोट, पाण्याचा टँकर चालवतो.
तो एका दरोड्याच्या सिनेमात अडकलाय.
नुसता तबला आणि घड्याळ.
म्हणतो, वादी कबीरच्या चढावर लावलं
की गिअर आपला आपण पडतो.
विभावरी नाटेकर इस्पितळात रक्त तपासते,
तिला सध्या भुतं.
"चित्र बंद करून ऐका," ती सांगते,
"भीती निघून जाते, व्हायोलिनं तेवढी उरतात,
रात्रपाळीला एकटी पडल्यासारखी."
बिजू कुरियन बोलतो हिंदीत, भांडतो इंग्रजीत,
मात्रा मोजतो मल्याळममध्ये.
माझं म्हणाल तर
एका साफ पडलेल्या सिनेमाचा शेवटचा तुकडा,
नावं वर सरकताना वाजतो तो,
लोक अंधारात चपला शोधत असतात तेव्हा.

पाचवा खमीस. सूर गावचा, सत्तरीपुढचा,
उघड्यावरच्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचा.
त्याची हिंदी सगळी पडद्यावरची,
म्हणून पार्किंगवरून वाद झाला तरी
तो आईच्या दुधाची आण घालतो.

एकदा त्यानं एक धून गुणगुणली.
सतार, तिच्यामागून तंतुवाद्यांचा लोंढा,
आणि मध्येच अशी उडी
की पायरी आहे समजून पाय टाकावा आणि नसावी.
सिनेमा कुठला? नाव गेलं होतं.
"बाईकडे निळी छत्री होती. ऊन होतं तरी."

तीन गुरुवार शोधलं.
चौथ्या गुरुवारी बिजूनं कुठूनशी जुनी तबकडी मिळवली,
खरखरीसकट वाजवली.
खमीस म्हणाला, हे नाही.
परत लावली.
हे नाही. इथे उडी आहे.

खालच्या इस्त्रीची वाफ वर येत होती.
मग त्यालाच आठवलं:
रीळ यायचं तेच कापून.
कुठल्याशा कचेरीतली कात्री,
आणि तुटलेली दोन टोकं चिकटवायला हा.
"माझ्याच हातांनी चिकटवलं," म्हणाला,
आणि हात पाहिले त्यानं, दोन्ही बाजूंनी.
रोज रात्री दोन खेळ, अख्खा हिवाळा,
धून अशीच, उडी मारत.

आम्ही ते बारा सेकंद वेगळे काढून वाजवले.
फार काही नाही.
एक ओबो तीन सूर उतरतो, श्वास घेतो,
पुन्हा तेच तीन.
चित्रात काय असेल?
इलियास म्हणाला, मिठी. दुसरं काय कापतात?
विभावरी म्हणाली, कोण जाणे,
कुणी नुसतं परत आलं असेल.

मी गप्प होतो.
मुलीचे दुधाचे दात मी पाहिले,
नंतर एकदम दातांना तारा.
मधे काय वाजलं ते तिच्या आईला ठाऊक.

खमीसनं बारा सेकंद दोनदा ऐकले,
छान आहे म्हणाला,
चहा संपवला, जिना उतरला,
आणि खालून त्याची गुणगुण ऐकू आली,
उडीसकट.
दुरुस्त करायला कुणी वाकलं नाही कठड्यावरून.

सोमवारी साइटच्या लिफ्टमध्ये
मी तीच धून शिट्टीवर घेतली.
बाराव्या मजल्याशी सोबतचा सुतार म्हणाला,
साहेब, मधे चुकलात.
नाही, म्हटलं,
इतकीच आली होती इथवर.